इंजिन बदलायचं आहे: नागपुरातला ‘काढ-घाल’ ठेका, शोरूम आणि स्वतःचे हात

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की नागपुरातल्या गॅरेजांसमोर बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या वाढतात. तक्रार एकच असते: “भाऊ, गाडी गरम होऊन राहिली.” त्यातल्या काहींचं हेड गास्केट (इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलेलं असतं, काहींचं हेड वाकलेलं असतं, आणि काही मालकांना थेट सांगितलं जातं की इंजिनच बदलून टाका, जुनं इंजिन आणून काढ-घाल करून देतो, एवढे लागतील.

हा रिव्ह्यू त्या सेवेचा आहे, एखाद्या गॅरेजचा नाही. कामठी रोडला करा, वाडीला करा की मानकापूरला, ठेक्याचं स्वरूप साधारण तेच राहतं. उदाहरणाला मारुती आल्टो घेतली आहे: ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं एफ८डी इंजिन. गाडी साधी आहे, पार्ट कुठेही मिळतात, आणि स्वतः इंजिन बदलायचा विचार बहुतेक लोक याच गाडीपासून सुरू करतात.

मत आधीच सांगून टाकतो. इंजिन वर उचलणं आणि परत खाली बसवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. पैसे वाचतात किंवा बुडतात ते दोन ठिकाणी: इंजिन विकत घेण्याआधीच्या तपासणीत, आणि ते बाहेर असताना त्याच्या आजूबाजूला जे बदललं जातं त्यात. काढ-घालच्या ठेक्यात नेमक्या या दोन गोष्टी धरलेल्या नसतात.

आधी जुन्या इंजिनाची चौकशी

इंजिन बदला म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा: कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये पिस्टन हवा किती दाबतो तो आकडा) किती आलं? आकडे नसतील तर निदान झालेलंच नाही. बॅटरी पूर्ण चार्ज, इंजिन गरम, तिन्ही प्लग काढलेले, इंधन पंपाचा फ्यूज काढलेला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, अशा स्थितीत प्रत्येक सिलिंडरवर गेज लावून सेल्फ मारायचा. तिन्ही आकडे लिहून घ्यायचे. सिलिंडरा-सिलिंडरात (दर चौरस सेंटिमीटरला) एका किलोपेक्षा जास्त फरक दिसला तर काहीतरी बिघडलंय. मग कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजायचं. आकडा चढला तर पिस्टनची रिंग किंवा सिलिंडरची आतली भिंत (बोअर) झिजलीय. तिथेच राहिला तर दोष व्हॉल्व्हचा नाहीतर हेड गास्केटचा, आणि त्यासाठी अख्खं इंजिन फेकायची गरज नाही. हेड काढून त्यावर सरळ पट्टी आणि फीलर गेज लावलं की वाक कळतो. ०.०५ मिलिमीटरच्या वर वाक असेल तर हेड मशीनवर प्लेन करून घ्यायचं, नवं गास्केट टाकायचं, आणि गाडी चालू होते.

इंजिन खरोखरच गेलं असेल तर ते कशानं गेलं हे शोधल्याशिवाय दुसरं बसवू नका. नागपुरात बहुतेक वेळा मारेकरी रेडिएटरच्या बाजूला सापडतो. बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं टॉपअपला वापरलं की त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चिकटून बसतो. वरून हात लावला तर रेडिएटर गरम लागतो, पण मधले पट्टे थंड असतात. म्हणजे तिथून पाणी फिरतच नाही. दुसरं इंजिन त्याच रेडिएटरला जोडलं तर पुढच्या उन्हाळ्यात तेही त्याच वाटेनं जाणार, आणि तेव्हा गॅरेजवाला म्हणेल की जुन्या इंजिनाची गॅरंटी नसते.

ठेक्यात काय मिळतं

साधारण असं: बाजारातून आणलेलं जुनं इंजिन, मजुरी, ऑइल, फिल्टर आणि साधं पाणी. गॅरंटी “चालू करून देण्याची”. म्हणजे गाडी दारातून सुरू होऊन बाहेर पडली की ती संपली. क्लच प्लेट जुनीच, कारण “अजून चालते”. माउंटिंग जुनी, कारण ती मोजणीतच नाहीत. इंजिन काढायला-बसवायला सरावलेल्या दोन माणसांना एक दिवस पुरतो, आणि मिस्त्रीला हिशेब जुळवायला ते काम एका दिवसातच संपवावं लागतं. यात मिस्त्रीची लबाडी असतेच असं नाही. ठरवलेल्या पैशात तेवढंच बसतं, आणि गिऱ्हाईक कमीत कमी आकडा सांगणाऱ्याकडे जातं.

म्हणून या सेवेला जसं आहे तसं घेतलं तर दहापैकी चार. मजुरी वेगळी ठरवून, पार्ट स्वतः आणून दिले तर सात. मिस्त्रीच्या हाताला सफाई असते, गंजलेला सायलेंसरचा स्टड न तोडता काढायची नजर असते, आणि ती घरी पहिल्यांदा करणाऱ्याकडे नसते. बोलताना सरळ बोला: “दादा, मजुरी तुमची, सामान माझं, जुने पार्ट मला परत पाहिजेत, आणि इंजिन उचललं की मला बोलवा.” या शेवटच्या वाक्याला नाही म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत घेऊन या.

इंजिन विकत घेताना

मालाच्या ढिगात पडलेल्या इंजिनाचा आवाज ऐकता येत नाही, तेव्हा हात आणि डोळेच कामाला येतात. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवा. अडकता कामा नये, आणि प्रत्येक सिलिंडरच्या कॉम्प्रेशनला हाताला सारखाच विरोध जाणवला पाहिजे. ऑइल भरायची टोपी काढून आत बघा. तपकिरी थर चालतो. काळा, डांबरासारखा गाळ म्हणजे ऑइल बदलण्याकडे कुणी लक्ष दिलेलं नाही. पांढरट, लोण्यासारखा थर म्हणजे ऑइलमध्ये पाणी गेलंय. ते इंजिन घेऊ नका. वॉटर पंपाच्या तोंडात बोट घाला: गंजाचा लाल चिखल हाताला लागला तर ते इंजिन कूलंटशिवाय, नुसत्या पाण्यावर चाललंय. दुकानदार तयार असेल तर खालचा सम्प (ऑइल साठतं ते भांडं) उघडून बघा. तळाशी सोनेरी-चंदेरी चमक म्हणजे बेअरिंगचा धातू, आणि असं इंजिन घरी नेऊन उघडल्याशिवाय चालवता येत नाही.

एफ८डी हे नाव एकच असलं तरी सगळी इंजिनं सारखी नाहीत. २००५ ची आल्टो आणि २०१५ ची आल्टो ८०० यांचे सेन्सर, कपलर, इनटेक मॅनिफोल्ड वेगळे असू शकतात. देशभर प्रदूषणाचं बीएस-४ मानक १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून लागू झालं. तुमच्या गाडीच्या आरसीवर जे मानक आहे त्याच मानकाचं इंजिन पाहिजे. सोपा नियम असा की ब्लॉक आणि हेड विकत आणलेलं, आणि त्यावरचं सगळं (मॅनिफोल्ड, इंजेक्टर, सेन्सर, अल्टरनेटर, सेल्फ) आपल्या जुन्या इंजिनावरून काढून लावायचं. वायरिंग आणि ईसीएम (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) तर आपलंच ठेवायचं, कारण चावी ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा ईसीएमशी बांधलेली असते. फ्लायव्हील बदलायच्या आधी दोन्ही शेजारी ठेवून दात आणि व्यास जुळवून बघा.

इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. तो घासलेला, परत ठोकलेला किंवा रंगवलेला दिसला तर भाव कितीही चांगला असो, निघून या. नंबर शाबूत असेल तर तो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत टाकून चोरीच्या गाडीचा नाही ना ते तपासा, आणि बिलावर तोच नंबर लिहून घ्या. जीएसटीच्या बिलावर पैसे जास्त पडतात म्हणून कच्ची चिठ्ठी घेणं ही या व्यवहारातली सगळ्यात महाग बचत आहे. आरटीओत ती चिठ्ठी चालत नाही.

स्वतः करायचं असेल तर

जागेपासून सुरुवात करा. फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये गट्टू बसवलेले असतील तर इंजिन क्रेनची लहान चाकं फटीत अडकतात आणि लोंबकळणारं इंजिन झोका घेतं. काँक्रीटची सपाट फरशी, वर सावली, आणि गाडी तीन-चार दिवस तिथेच राहिली तरी चालेल अशी जागा पाहिजे. उन्हाळ्यात सकाळी सहा ते दहा एवढाच वेळ खरा; दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही आणि घाईत चुका होतात.

दोन टनाची घडीची क्रेन पुरते, फक्त तिचा बूम पूर्ण लांब केला की ती साधारण अर्धा टनच पेलते हे लक्षात ठेवा. त्याशिवाय दोन जॅक स्टँड, ८ ते २४ मिलिमीटरच्या गोट्या (सॉकेट), एक्सल नटची मोठी गोटी, लांब दांडा, टॉर्क रेंच, क्लच प्लेट मधोमध बसवायचा अलाइनमेंट पिन, कॉम्प्रेशन गेज, आणि ईसीएमनं नोंदवलेले दोषांचे कोड वाचायला साधा ओबीडी स्कॅनर. क्रेन एकाच कामासाठी विकत घेण्यात अर्थ नाही, भाड्यानं किंवा ओळखीच्या गॅरेजमधून आणा.

आदल्या रात्री सायलेंसरच्या पुढच्या पाइपच्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी इंधन पंपाचा फ्यूज काढून गाडी बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे पाइपमधला दाब उतरतो. मग बॅटरीचं निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. कूलंट आणि ऑइल वेगवेगळ्या कॅनमध्ये काढा (जुनं ऑइल नालीत ओतू नका, ते शेवटी नाग नदीत जातं). गिअरबॉक्सचं ऑइलही आत्ताच काढायचं, नाहीतर एक्सल ओढताक्षणी ते अंगावर येतं. बोनेट बिजागरांसकट काढा, पण आधी बिजागरांभोवती मार्करनं रेघ ओढा. रेडिएटर आणि पंखा बाहेर.

एसीचा कंप्रेसर पाइपांसकट इंजिनापासून सोडवून बाजूला तारेनं बांधा. गॅसचे पाइप उघडायची काहीच गरज नसते, आणि ठेक्यात मात्र ते सहज उघडले जातात. मग बिलात एसी गॅसची ओळ येते.

प्रत्येक कपलर आणि व्हॅक्यूम पाइप सोडवायच्या आधी फोटो, आणि दोन्ही टोकांना मास्किंग टेपवर तोच आकडा. व्हॅक्यूमचे दोन पाइप उलटसुलट लागले तर आयडलिंग वर चढतं किंवा गाडी थरथरते, आणि मग निष्कारण सेन्सरवर संशय जातो. एक्सल काढताना लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवा आणि आतल्या टोकाला गिअरबॉक्सजवळ पहारीनं हलका धक्का द्या. बाहेरून शाफ्टला धरून ओढलं तर आतला जॉइंट सुटून येतो.

आल्टोत इंजिन गिअरबॉक्ससकट वरून काढता येतं. वजन साखळीवर घ्या, मगच माउंटिंगचे बोल्ट काढा. दहा सेंटिमीटर उचललं की थांबायचं आणि चारी बाजूंनी फिरून बघायचं: कुठलीतरी एक वायर, अर्थची पट्टी किंवा क्लच केबल राहिलेली असतेच.

बाहेर असताना

इथेच स्वतः करणाऱ्याचा फायदा आहे, कारण त्याला एका दिवसात गाडी द्यायची नसते. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदला. क्रँकचं मागचं ऑइल सील आत्ता बदललं तर हातासरशी होतं. नंतर गळायला लागलं की फक्त त्यासाठी गिअरबॉक्स परत उतरवावा लागतो. पुढचं सील, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, वरचा-खालचा होज पाइप, प्लग, मॅनिफोल्डची गास्केट, गिअरबॉक्सला एक्सल जिथे शिरतात तिथली दोन सील, आणि माउंटिंगची रबरं. जुन्या इंजिनाचा बेल्ट किती किलोमीटर चाललाय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, म्हणून तो नवा दिसला तरी बदला.

क्लच प्लेटला दोन बाजू असतात. स्प्रिंगचा फुगवटा प्रेशर प्लेटच्या बाजूला यायला हवा. उलटी बसली तर क्लच सुटतच नाही आणि सगळं परत काढावं लागतं. प्रेशर प्लेटचे बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे, अलाइनमेंट पिन आत ठेवूनच कसा. मग गिअरबॉक्स हातानं ढकलत पूर्ण टेकला पाहिजे. बोटभर फट उरली म्हणून बोल्टनं ओढून बसवू नका: प्लेट मधोमध नाही किंवा स्प्लाइन (शाफ्टवरचे दाते) जुळलेले नाहीत एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि ओढल्यावर अॅल्युमिनियमचा कान तुटतो. ब्लॉक आणि गिअरबॉक्स नेमके जुळवणाऱ्या दोन डॉवेल पिना जुन्या इंजिनावरच राहून जातात. त्या नसल्या तर गिअरबॉक्स केसभर तिरका बसतो, क्लच सोडताना गाडी हादरते आणि नवं सील लवकर गळतं. ठेक्यात बदललेल्या इंजिनांत हा दोष वारंवार आढळतो, आणि खापर मात्र क्लच प्लेटच्या कंपनीवर फुटतं.

बसवताना माउंटिंगचे सगळे बोल्ट आधी सैल लावा, इंजिन स्वतःहून बसू द्या, मग कसा. एका बाजूचं आधी घट्ट केलं तर रबर पिळलेलं राहतं आणि थरथर स्टिअरिंगपर्यंत येते. अर्थची पट्टी बॉडी आणि इंजिन दोन्हीकडे घासून, लखलखीत धातूवर लावा. ती विसरली तर सेल्फचा प्रवाह क्लच किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट शोधतो, केबल तापते, तिचं आवरण वितळतं.

पाणी, टोपी आणि पहिला सेल्फ

रेडिएटर बाहेर आहेच, तो खोलून साफ करून घ्या किंवा नवाच टाका. यावर पैसे वाचवू नका. रेडिएटरची टोपीही नवी घ्या. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण ०.९ बारची टोपी दाब धरून ठेवत असेल तर तेच पाणी ११८ अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. टोपीचं रबर चिरलं की ती सवलत संपते, आणि मे महिन्यात सीताबर्डीच्या सिग्नलला उभ्या गाडीत एवढ्याच फरकावर इंजिन तगतं. काही मिस्त्री उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला देतात. तो मानू नका: इंजिन थंडच चालतं, ईसीएम जास्त पेट्रोल देत राहतो, आणि दोष जिथे आहे तिथेच राहतो. कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी अर्धं-अर्धं. बोअरचं नको, नळाचंही नको.

इंजिन ऑइल या इंजिनात पावणेतीन लिटरच्या आसपास बसतं. अडीच टाका, नंतर डिपस्टिक बघत भरा. पहिला सेल्फ प्लग काढून आणि इंधन पंपाचा फ्यूज काढून मारायचा, दहा-दहा सेकंदांचा, मध्ये विश्रांती देत, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. तेव्हाच बेअरिंगपर्यंत ऑइल पोचलेलं असतं. मग प्लग, फ्यूज, आणि चालू. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, रेडिएटरची टोपी उघडी, बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहा, मग टोपी लावा आणि पंखा आपणहून फिरून बंद होईपर्यंत गाडी हलवू नका. पंखा दोनदा फिरून थांबला की सिस्टीममधली हवा निघाली असं समजायला हरकत नाही.

शोरूमबद्दल थोडक्यात. कंपनीचं नवं हाफ इंजिन (पिस्टन-क्रँकसकट तयार ब्लॉक), कंपनीची सीलं, कामावर लेखी वॉरंटी आणि कागद चोख, दहापैकी आठ. गाडी पाच-सहा वर्षांची असेल तर हाच मार्ग. दहा-बारा वर्षांच्या आल्टोला मात्र तो खर्च गाडीच्या विक्रीच्या किमतीला भिडतो, आणि मजुरीवर १८ टक्के जीएसटी वेगळा.

आरटीओ

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि मंजुरीविना बदललं असेल तर १४ दिवसांत कळवून आरसीत नोंद करून घ्यायची असते. आपली गाडी एमएच-३१, एमएच-४९ की एमएच-४०, त्याप्रमाणे कार्यालय ठरतं. इंजिनाचं बिल, विमा, पीयूसी आणि कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्र लागतं. तपासणीत नवा नंबर बघितला जातो, म्हणून इंजिन बसवायच्या आधीच त्याचा स्पष्ट फोटो आणि पेन्सिलनं घासलेला ठसा घेऊन ठेवा, गाडीत बसल्यावर तो नंबर नीट दिसत नाही. ठेकेदार “आरटीओचं आपण बघून घेऊ” म्हणाला तरी पावती हातात येईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. विमा कंपनीलाही नवा नंबर लेखी कळवा. अपघात झाला आणि पॉलिसीवर जुनाच नंबर असला तर दावा अडतो.

सुरुवातीचे पाचशे किलोमीटर रोज सकाळी थंड इंजिनावर ऑइल आणि कूलंटची पातळी बघा आणि गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. थेंब कुठे पडला यावरून कुठलं सील ते कळतं. पाचशेला माउंटिंग, सायलेंसर आणि एक्सलचे नट परत टॉर्क रेंचनं तपासा. हजारला ऑइल आणि फिल्टर बदला, आणि काढलेला फिल्टर कापून त्याची घडी उघडून बघा. कागदावर धातूची चमक नसेल तर इंजिन चांगलं निघालं.